रिग्रेशनचं बटण दाबण्याआधी: नवख्या संशोधकांसाठी अंदाज काढण्याची वाट

एम.ए.चा प्रकल्प असो, एमएसडब्ल्यूचा प्रबंध असो की पीएच.डी.चा आराखडा, येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कोणती टेस्ट लावू?" तोवर गूगल फॉर्म भरून आलेले असतात, एक्सेलच्या रकान्यांत आकडे बसलेले असतात, गाइडने 'एखादं स्टॅटिस्टिकल टूल वापरा' असा मोघम शेरा मारलेला असतो आणि सबमिशन तोंडावर आलेलं असतं. त्या टप्प्यावर फारसं काही करता येत नाही. म्हणून हा लेख त्याच्याही आधी उभ्या असलेल्यांसाठी आहे. विषय सुचलाय, पण अजून कुणाच्या दारात जाऊन प्रश्न विचारलेला नाही, अशांसाठी.

माझं म्हणणं असं की पद्धत सगळ्यात शेवटी ठरते. त्याआधी दोन गोष्टी ठराव्या लागतात: नेमका कोणता आकडा हवाय, आणि हातातला डेटा कोणत्या वाटेने हातात आला. उदाहरणं नाशिक जिल्ह्यातली घेतली आहेत, कारण कांदा, द्राक्ष आणि मजुरांचं स्थलांतर यांच्याभोवतीच इथले बरेचसे प्रकल्प फिरतात. जिथे 'समजा' म्हटलंय तिथले आकडे केवळ हिशेब दाखवण्यासाठी आहेत, ते कुठे उद्धृत करू नका.

पहिली पायरी: हवा तो आकडा एका वाक्यात लिहा

'नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादकांच्या समस्यांचा चिकित्सक अभ्यास' हे शीर्षक विद्यापीठात मंजूर होतं, पण त्यातून काय मोजायचं ते कळत नाही. कागदावर एक वाक्य लिहा. त्यात कोणाबद्दल, कोणत्या काळात, कशाचं आणि कशाच्या तुलनेत, एवढं आलंच पाहिजे.

वाक्य लिहिलं की ते तीनपैकी एका जातीचं निघतं. 'यंदा एप्रिल-मेमध्ये लासलगावला उन्हाळ कांदा विकणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता क्विंटलमागे सरासरी किती पडले?' हे वर्णन. 'आजच्या आवकेवरून उद्याचा भाव किती राहील?' हे भाकीत. 'आवक १० टक्के वाढली तर त्यामुळे भाव किती उतरतो?' हे कारण. तिन्हींसाठी तोच तक्ता वापरता येईल, पण काम वेगळं आणि चुकण्याच्या जागाही वेगळ्या. वर्णनाच्या प्रश्नाला नमुना नीट निवडलेला लागतो. भाकिताला कारण कळलं नाही तरी चालतं, उद्याचा आकडा जवळपास आला म्हणजे झालं. कारणाच्या प्रश्नाला मात्र नुसता मोठा डेटा कामाचा नाही, आणि आपल्याकडचे बहुतेक प्रबंध वर्णनाचा डेटा गोळा करून शेवटच्या प्रकरणात कारणाची भाषा बोलतात.

साध्या सरासरीतसुद्धा हे वाक्य लिहिणं किती उपयोगी पडतं पाहा. समजा एका शेतकऱ्याने १०० क्विंटल चांगला माल १,८०० रुपयांनी विकला आणि दुसऱ्याने ५ क्विंटल गोल्टी (बारीक कांदा) ९०० रुपयांनी. 'शेतकऱ्याला सरासरी भाव किती मिळाला' तर १,३५०. 'कांद्याच्या क्विंटलला सरासरी किती मिळाले' तर १,८४,५०० भागिले १०५, म्हणजे सुमारे १,७५७. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. लहान शेतकऱ्याच्या परिस्थितीवर लिहिताना दुसरा आकडा वापरलात, तर लहान शेतकरी त्यात जवळजवळ दिसेनासा होतो.

दुसरी पायरी: डेटा कोणत्या वाटेने आला ते शोधा

तयार डेटा बराच मिळतो आणि फुकट मिळतो. २०११ ची जनगणना, २०१७ पासूनचं नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण, २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०२२-२३ आणि २०२३-२४ ची घरगुती खर्चाची सर्वेक्षणं. केंद्र सरकारचं सांख्यिकी मंत्रालय घराघराच्या पातळीवरचा डेटाही नावं-पत्ते काढून उपलब्ध करून देतं. नवख्याने निदान एक प्रकल्प तरी अशा डेटावर करावा. प्रश्नावली छापण्याचा खर्च वाचतो आणि सर्वेक्षण कसं आखलं जातं ते त्याची माहितीपुस्तिका वाचून कळतं. ती पुस्तिका कंटाळवाणी असते हे खरं, पण डेटापेक्षा आधी तीच वाचायची.

बाजारभावासाठी अ‍ॅगमार्कनेट हे केंद्र सरकारचं संकेतस्थळ आहे. लासलगावचा तक्ता उतरवून घ्या आणि कोणतंही गणित न करता तासभर नुसता पाहत बसा. पहिलं लक्षात येईल की लासलगाव एकटं नाही. निफाड आणि विंचूर हे उपबाजार कंसात नाव घालून वेगळे नोंदलेले आहेत, ते घ्यायचे की नाहीत ते तुम्हाला ठरवायचंय. दुसरं, आवक टनांत आहे आणि भाव क्विंटलचा. राज्य पणन मंडळाच्या साइटवर आवक क्विंटलमध्ये असते. दोन्हीकडचे आकडे एकाच रकान्यात चिकटवले की आवक एका रात्रीत दहापट वाढते. तिसरं, किमान, कमाल आणि मॉडल असे तीन भाव असतात. मॉडल म्हणजे ज्या भावात जास्त माल गेला तो. ती वजनानुसार काढलेली सरासरी नव्हे, त्यामुळे मॉडल गुणिले आवक करून 'एकूण उलाढाल' काढू नका.

चौथी गोष्ट रिकाम्या जागांची, आणि तीच सगळ्यात जास्त फसवते. रविवार, सणांच्या सुट्ट्या, दिवाळीतला बंद या दिवशी नोंद नसते. तिथे शून्य भरायचं नाही. शून्य आवक आणि बाजारच न भरणं या दोन वेगळ्या घटना आहेत. त्याहून वाईट म्हणजे काही रिकाम्या जागा योगायोगाच्या नसतात. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं तेव्हा जिल्ह्यातले लिलाव काही दिवस बंद होते. म्हणजे धोरणाचा पहिला धक्का ज्या दिवशी मोजायचा, त्याच दिवसांचे भाव तक्त्यात नाहीत. मधली जागा दोन्ही टोकांच्या सरासरीने भरून टाकली तर तुम्ही तो धक्काच पुसून टाकता.

आता स्वतःचं सर्वेक्षण. समजा प्रश्न आहे: सुरगाणा तालुक्यातल्या किती टक्के कुटुंबांतून कुणी ना कुणी मजुरीसाठी निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत जातं? कॉलेजच्या वेळापत्रकाप्रमाणे फील्डवर्क जानेवारीत ठेवलंत तर हंगाम ऐन भरात असतो आणि अख्खी कुटुंबंच्या कुटुंबं बागेवर राहायला गेलेली असतात. दाराला कुलूप. सोबतचा मुलगा म्हणतो, "हे बंद आहे, शेजारचं घेऊ." शेजारचं उघडं आहे कारण तिथून कुणी गेलेलं नाही. असं प्रत्येक कुलपाच्या जागी शेजार घेत गेलात तर स्थलांतराचं प्रमाण खाली येणारच, आणि ४०० च्या जागी ४,००० घरं केलीत तरी ते खालीच राहील. कुलूपबंद घर ही सुद्धा नोंद आहे. ते यादीत ठेवा, शेजाऱ्याला विचारा की माणसं कुठे आणि कधीपासून गेलीत, आणि पावसाळ्यात माणसं भातलावणीला परत आली की पुन्हा जा.

यादीचंही तसंच. गावात गेल्यावर कुणीतरी सोबत येतो आणि रस्त्याकडेची, बोलकी, ओळखीची घरं दाखवतो. महसुली गाव एक असलं तरी त्याचे पाडे डोंगरात लांब लांब असतात. घरपट्टीची यादी मागा, रेशनकार्डांच्या यादीशी पडताळा, पाडे वेगळे करा आणि मग चिठ्ठ्या टाका किंवा संगणकाकडून यादृच्छिक क्रमांक घ्या. यात एक दिवस जातो. अख्ख्या प्रकल्पातला तो सगळ्यात मोलाचा दिवस आहे असं माझं ठाम मत आहे.

इथेच ३८४ चा विषय काढायला हवा. प्रबंध चाळले तर नमुन्याचा आकार ३८४ किंवा ४०० दिसतो. तो येतो कुठून? १.९६ चा वर्ग, गुणिले ०.२५, भागिले ०.०५ चा वर्ग: ३८४.१६. म्हणजे टक्केवारी काढायची आहे, नमुना साध्या यादृच्छिक पद्धतीने निवडलाय आणि पाच टक्क्यांची चूक चालेल, असं तिन्ही धरून काढलेला तो आकडा आहे. आणि मग त्याच प्रबंधात पुढच्या पानावर लिहिलेलं असतं की उत्तरं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फॉर्म पाठवून मिळवली! सूत्राने मागितलेली मुख्य अटच पाळलेली नाही, तर सूत्राचा आधार कशाला? सोयीने गोळा केलेला नमुना असेल तर तसं सरळ लिहा. त्यात लाज नाही, फक्त त्यावरून 'नाशिक जिल्ह्यातील महिलांचे मत' असं म्हणता येत नाही.

तिसरी पायरी: आकडा किती हलू शकतो ते काढा

समजा सगळं नीट केलं. ४०० घरं, त्यातल्या १२० घरांतून स्थलांतर. अंदाज ३० टक्के. पण दुसऱ्या ४०० चिठ्ठ्या निघाल्या असत्या तर २८ आले असते, कदाचित ३३. हा हेलकावा मोजायचा आकडा म्हणजे स्टँडर्ड एरर. प्रमाणासाठी तो कागदावर निघतो: ०.३ गुणिले ०.७ म्हणजे ०.२१, त्याला ४०० ने भागा, वर्गमूळ काढा. ०.०२३, म्हणजे २.३ टक्के अंक. त्याच्या १.९६ पट दोन्ही बाजूंना गेलात की ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटर्व्हल मिळतो: साधारण २५.५ ते ३४.५. अशाच पद्धतीने पुन्हा पुन्हा नमुने घेतले तर असे जे पट्टे निघतील त्यांतले सुमारे ९५ टक्के पट्टे खऱ्या आकड्याला कवेत घेतील, एवढाच त्याचा अर्थ.

पण हा हिशेब सुटी सुटी ४०० घरं निवडली असं धरतो. प्रत्यक्षात आपण काय करतो? २० गावं निवडतो आणि प्रत्येकात २० घरं करतो, कारण गाडीभाडं परवडत नाही. एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात. एका पाड्यावर मुकादम आला तर दहा घरं एकदम निघतात. म्हणून विसाव्या घराकडून मिळणारी नवी माहिती पहिल्या घराएवढी नसते. गावातल्या घरांमधलं साम्य (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे सगळी घरं सारखी) समजा ०.१ आहे. तर एका गावातली घरं वजा एक, म्हणजे १९, गुणिले ०.१, अधिक १: उत्तर २.९. याला डिझाइन इफेक्ट म्हणतात. ४०० भागिले २.९ म्हणजे तुमची ४०० घरं माहितीच्या हिशेबाने सुमारे १३८ घरांएवढीच भरतात. स्टँडर्ड एरर २.९ च्या वर्गमुळाने, म्हणजे १.७ पटीने वाढून ३.९ होतो आणि पट्टा जवळपास २२ ते ३८ इतका रुंद. यातून व्यवहाराची गोष्ट अशी निघते की हातात ४०० च मुलाखती असतील तर २० गावांत २० करण्यापेक्षा ४० गावांत १० करा. आणि सॉफ्टवेअरला 'गाव' हा गट आहे हे सांगायला विसरू नका. तुम्ही सांगितलं नाही तर ते विचारत नाही.

वजन, म्हणजे वेट, हाही तसाच राहून जाणारा भाग. समजा एका तालुक्यात ९०,००० घरं आणि दुसऱ्यात ३०,०००. दोन्हीकडून २००-२०० घरं घेतली. पहिल्यात महिन्याचं सरासरी उत्पन्न २०,००० निघालं, दुसऱ्यात १०,०००. दोन्ही मिसळून सरासरी काढली तर १५,०००. पण पहिल्या तालुक्यातलं एक घर ४५० घरांच्या वतीने बोलतंय आणि दुसऱ्यातलं १५० च्या. वजन धरून उत्तर १७,५००. सरकारी सर्वेक्षणांच्या डेटात 'मल्टिप्लायर' नावाचा रकाना असतो तो याचसाठी. तो न लावता राज्याचा आकडा काढणारे लेख मी छापून आलेले पाहिलेत.

हेलकावा आणि कल (आकडा सतत एकाच बाजूला झुकणं) या दोन वेगळ्या व्याधी आहेत, हे आपल्याच माणसाच्या कामातून शिकण्यासारखं आहे. १९४० च्या दशकात देशात पिकांच्या उत्पादनाचा अंदाज पीककापणी प्रयोगांतून कसा काढायचा यावर मोठा वाद झाला. एकीकडे भारतीय सांख्यिकी संस्थेचे प्रशांतचंद्र महालनोबिस, दुसरीकडे मूळचे सातारा जिल्ह्यातले पांडुरंग वासुदेव सुखात्मे. महालनोबिसांचा भर छोट्या तुकड्यांच्या कापणीवर होता, कारण कमी खर्चात पुष्कळ तुकडे होतात. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा लहान असला की उत्पादन फुगून येतं. चौकटीच्या कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, इथे कापणाऱ्याचा हात रोप आत घेण्याकडे झुकतो, आणि लहान तुकड्यात क्षेत्राच्या मानाने कडाच जास्त असते. तुकडे कितीही वाढवा, सरासरी स्थिर होईल, पण फुगलेल्या जागी स्थिर होईल. सुरगाण्याच्या कुलपांचं हेच आहे. स्टँडर्ड एरर फक्त हेलकावा सांगतो, कल सांगत नाही.

चौथी पायरी: रिग्रेशन, पण तक्ता वाचता येईल इतकंच

रिग्रेशन म्हणजे एका गोष्टीबरोबर दुसरी कशी बदलते ते रेषेने मांडणं. त्यासाठीची लघुतम वर्गाची पद्धत जुनी आहे. लजांद्रने ती १८०५ मध्ये छापली, गाऊसने १८०९ मध्ये. बिंदूंच्या गर्दीतून अशी रेषा काढायची की प्रत्येक बिंदूच्या रेषेपासूनच्या उभ्या अंतराच्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी यावी. गणित सॉफ्टवेअर करतं. आर किंवा ग्रेटल घ्या, दोन्ही फुकट आहेत. चोरीचं एसपीएसएस शोधत बसू नका.

सुरुवातीला एकच सवय लावा: गुणकाचं, म्हणजे रेषेच्या उताराच्या आकड्याचं, वाक्य बोलून बघा. भावाचा लॉग आणि आवकेचा लॉग घेऊन (म्हणजे बदल टक्क्यांत वाचता येतो) रिग्रेशन केलं आणि गुणक समजा उणे ०.४ आला, तर वाक्य असं: 'ज्या दिवशी आवक १० टक्के जास्त होती त्या दिवशी भाव साधारण ४ टक्के कमी होता.' बस. 'आवक वाढवली तर भाव कमी होईल' हे वाक्य अजून तुमच्या मालकीचं नाही. आर-स्क्वेअर, म्हणजे भावातल्या चढउताराचा रेषेने पकडलेला हिस्सा, ०.९ आला म्हणूनही होत नाही. त्या मोहात तर पडूच नका, विशेषतः रोजच्या भावांत. आजचा भाव कालच्या भावाजवळच असतो, त्यामुळे पाच वर्षांच्या हजार-बाराशे नोंदी हजार-बाराशे स्वतंत्र नोंदी नसतात. शिवाय कालांतराने चढत जाणाऱ्या कोणत्याही दोन मालिका एकमेकींशी छान जुळतात. यूलने १९२६ मध्ये आणि ग्रेंजर-न्यूबोल्डने १९७४ मध्ये हा फसवा संबंध उघड केला, तरी दरवर्षी एखादा प्रबंध त्यात सापडतोच. उपाय साधा आहे: पातळीऐवजी बदल घ्या, आजचा भाव वजा कालचा. संबंध तिथेच विरला तर तो मुळात काळाचा होता.

उत्तर हो-नाही स्वरूपाचं असेल, जसं स्थलांतर केलं की नाही, तर लॉजिट वापरतात, म्हणजे 'हो'ची शक्यता ० ते १ मध्येच ठेवणारं रिग्रेशन. त्याचा अंदाज लघुतम वर्गाने न काढता कमाल संभाव्यतेने काढतात, म्हणजे हातातला डेटा घडण्याची शक्यता ज्या गुणकांनी सगळ्यात जास्त होते ते निवडायचे. रोनाल्ड फिशरची ही पद्धत. लॉजिटचा गुणक टक्के अंकांत वाचता येत नाही, त्यासाठी सीमांत परिणाम (एखादा घटक थोडा बदलल्यावर शक्यता किती हलते) वेगळा काढावा लागतो. नवख्याने साधं रेषीय रिग्रेशनही सोबत करून पाहावं. बहुतेक वेळा दोन्हींचा सूर एकच निघतो आणि परीक्षकाला समजावणं सोपं जातं.

पाचवी पायरी: 'मुळे' हा शब्द लिहायचा असेल तर

आता लासलगावचा तक्ता पुन्हा काढा. आवक वाढली की भाव पडतो हे खरं. पण भाव चढला की शेतकरी कांदा साठवलेली चाळ उघडतो आणि ट्रॅक्टर जुंपतो, म्हणजे भावामुळे आवक वाढते हेही खरं. तक्त्यातला प्रत्येक बिंदू मागणी आणि पुरवठा दोघांनी मिळून ठरवलेला आहे. अशा बिंदूंमधून काढलेली रेषा ना मागणीची असते ना पुरवठ्याची. जास्त डेटा आणून ही गाठ सुटत नाही.

सुटका कशी होते ते फिलिप राइट या अमेरिकी अर्थतज्ज्ञाच्या १९२८ च्या पुस्तकाच्या परिशिष्टात आहे. असं काहीतरी शोधा जे पुरवठा हलवतं पण मागणीला हात लावत नाही. त्यामुळे जेवढी आवक हलली तेवढाच भाग वेगळा काढा आणि त्यावर भाव कसा हलला ते पाहा. याला साधन चल म्हणतात, वर्गात सगळे इन्स्ट्रुमेंटच म्हणतात. आपल्याकडे पहिला उमेदवार पाऊस. ऑक्टोबरच्या पावसाने चांदवड-निफाडचा लाल कांदा झोडपला तर पुढच्या आठवड्यांत आवक घटते, आणि दिल्लीच्या गृहिणीला आपल्या पावसाशी काही देणंघेणं नाही. ऐकायला चोख वाटतं. पण थांबा. पावसात सापडलेला कांदा ओला असतो, टिकत नाही, व्यापारी त्याला भावच कमी लावतो. म्हणजे पाऊस आवकेच्या वाटेने भावापर्यंत पोचतो तसाच प्रतीच्या वाटेनेही पोचतो. दुसरी वाट उघडी असेल तर इन्स्ट्रुमेंट गेलं. त्यापेक्षा लागवडीच्या किंवा रोपांच्या वेळचा पाऊस घेतला तर काढणीच्या वेळच्या प्रतीशी त्याचा संबंध कमी, पण मग आवकेशीही संबंध सैल होतो. पहिल्या टप्प्यात इन्स्ट्रुमेंटने आवक किती हलते ते पाहतात, दुसऱ्यात त्या हललेल्या आवकेने भाव. पहिल्या टप्प्यात इन्स्ट्रुमेंटचा एफ, म्हणजे त्या संबंधाची ताकद सांगणारा आकडा, निदान १० च्या वर असावा असा जुना संकेत आहे, अलीकडचे अभ्यासक त्याहून कडक मागतात. आणि दोन टप्पे हाताने वेगवेगळे करू नका, स्टँडर्ड एरर चुकीचा येतो. सॉफ्टवेअरची तयार आज्ञा वापरा. दुसरी वाट बंद आहे हे मात्र कोणतंही सॉफ्टवेअर सांगणार नाही, ते बाजारात उभं राहूनच कळतं.

दुसरं नेहमीचं कोडं योजनांचं. राज्यात २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. शेततळं असलेल्यांचं उत्पन्न आणि नसलेल्यांचं उत्पन्न यांची वजाबाकी केली की 'योजनेचा परिणाम' निघतो का? अर्ज करतो कोण? ज्याच्याकडे तळ्यात घालवता येईल एवढी जमीन आहे, कागद तयार आहेत, अस्तरीकरणाला पदरचे पैसे आहेत. तो तळ्याशिवायही चार पैसे जास्तच कमावणार होता. ही निवडीची भानगड.

दोन्ही गटांचा आधीचा आकडा मिळाला तर बरंच काही करता येतं. समजा तळंवाल्यांचं वर्षाचं उत्पन्न ८० हजारांवरून १ लाख १० हजार झालं आणि बिनतळंवाल्यांचं ७० वरून ९० हजार. पहिल्यांची वाढ ३०, दुसऱ्यांची २०, फरकातला फरक १० हजार. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी १९९४ मध्ये याच तर्काने न्यू जर्सीतली किमान वेतनवाढ शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी ताडून पाहिली. कार्ड यांना पुढे २०२१ चं नोबेल मिळालं. गणित चौथीतलं, सगळा भार एका गृहीतकावर: तळं नसतं तर दोन्ही गटांची वाढ सारखीच झाली असती. ते तपासायला तळ्याच्या आधीची निदान दोन-तीन वर्षं हवीत. आणि वर्ष निवडताना पंचांग पाहू नका, पाऊस पाहा. २०१८ हे दुष्काळाचं वर्ष. ते 'आधीचं' म्हणून घेतलंत तर पुढच्या वर्षी कोरडवाहू गट नुसत्या पावसानेच उसळी मारतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवकाळीने द्राक्षबागा झोपल्या, म्हणजे ते 'नंतरचं' घेतलंत तर तळंवाला बागायतदार उगाच मार खातो.

फरकातला फरक सगळीकडे बसत नाही. ८ डिसेंबर २०२३ ची कांदा निर्यातबंदी घ्या, जी मे २०२४ मध्ये उठली. लासलगावची तुलना कोणाशी करणार? पिंपळगाव बसवंतला तीच बंदी, पुण्याला तीच, सोलापूरला तीच. तुलनेला घेता येईल असा बंदी न लागलेला कांदा देशात जवळपास नव्हताच. बटाट्याशी तुलना करणारे असतात, पण बटाट्याची साठवण आणि बाजार निराळे. अशा प्रश्नाला सरळ उत्तर नाही हे मान्य करून, बंदीच्या आधी आणि नंतर देशातला भाव आणि परदेशातला भाव यांच्यातली दरी कशी बदलली एवढंच वर्णन करणं जास्त प्रामाणिक.

योजनेला किमान जमिनीसारखी ठरावीक अट असेल तर आणखी एक युक्ती आहे: अटीच्या किंचित वरचे आणि किंचित खालचे शेतकरी ताडून पाहायचे. थिसलथ्वेट आणि कॅम्पबेल यांनी १९६० मध्ये शिष्यवृत्तीच्या गुणमर्यादेवर हे केलं. पण सातबाऱ्याची जादू लक्षात ठेवा. भावाभावांत कागदोपत्री वाटण्या करून किंवा लांबवून माणसं रेषेच्या हव्या त्या बाजूला बसतात. म्हणून आधी रेषेच्या आसपास खातेदारांची संख्या मोजा. एका बाजूला अचानक गर्दी दिसली तर युक्ती सोडून द्या.

चिठ्ठ्या टाकून कुणाला योजना द्यायची ते ठरवणं हा सगळ्यात स्वच्छ मार्ग. बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमर यांचं २०१९ चं नोबेल त्याच परंपरेतलं. विद्यार्थ्याच्या आवाक्यात तो क्वचित असतो, तरी बचतगटाच्या प्रशिक्षणाला जागा कमी आणि अर्ज जास्त असले तर संस्थेला चिठ्ठ्या टाकायला सांगून बघा. पुष्कळदा त्या हो म्हणतात, वशिल्याची कटकट वाचते म्हणून.

लिहिताना

तक्त्यात प्रत्येक गुणकाखाली स्टँडर्ड एरर द्या, पी-व्हॅल्यू लहान आहे एवढंच सांगणाऱ्या नुसत्या चांदण्या नकोत. पी-व्हॅल्यू म्हणजे खरा संबंध नसतानाही निदान इतका ठळक संबंध योगायोगाने दिसण्याची शक्यता. पी-व्हॅल्यू ०.०४९ आणि ०.०५१ यांत काही दैवी अंतर नाही. तुम्ही २० संबंध तपासले असतील तर खरा संबंध एकही नसताना सरासरी एक तरी ५ टक्क्यांच्या खाली येईल, तेव्हा किती तपासले ते सांगा, छान निघालेले तेवढेच छापू नका. ४०० घरांच्या नमुन्यावरून ३०.२७ टक्के लिहिणं हास्यास्पद दिसतं, ३० लिहा आणि पट्टा द्या.

किती घरं बंद होती, कितींनी नकार दिला, किती नोंदी का वगळल्या, हे परिशिष्टात न ढकलता पद्धतीच्या प्रकरणातच लिहा. जमीन एकरात विचारली की गुंठ्यात, उत्पन्न कुटुंबाचं की माणसाचं, तेही तिथेच. मूळ एक्सेल फाइलला हात लावू नका, तिची प्रत करून त्यावर काम करा आणि प्रत्येक बदल आज्ञांच्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे व्हायव्हाला "हा आकडा कुठून आला?" असं विचारल्यावर ओळ दाखवता येते.